नाव नंतर, पैसे आधी!

'कुठं उतरणार?' या प्रश्नाला 'माहीत नाही, पैसे भरल्यावर कळेल' असं उत्तर एकदा घरी देऊन बघा. आमच्याकडे आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं असतं! कोल्हापूरच्या माणसाला गाव सोडण्याआधी उतरायचं ठिकाण तर माहीत लागतंच. शिवाय तिथं गाडी लावायला जागा आहे का, जेवायला जवळपास काय मिळतं आणि मालक आपल्या ओळखीतल्या कुणाच्या ओळखीचा निघतो का, हेही लागतं.

तरीसुद्धा सध्या माझ्या ओळखीतली निम्मी जनता नेमकं हेच करायच्या बेतात आहे. रंकाळ्यावर भेळ खाताना, लंच अवरला डबा उघडताना कुणीतरी मोबाइल पुढं सरकवतं आणि विचारतं, 'हे बघ ना, घेऊ का?'

स्क्रीनवर असतं काय? 'फोर स्टार, उत्तर गोवा, स्विमिंग पूल, फ्री वायफाय, पाहुण्यांचं रेटिंग आठच्या वर, ४५ टक्के सूट.' फोटो असतो, पण तो कुठल्याही निळ्या पाण्याचा. हॉटेलचं नाव असायला हवं तिथं कुलपाचं चित्र, नाहीतर 'सीक्रेट डील' असलं काहीतरी झकास. पैसे भरले की कुलूप उघडतं. हॉटेल आवडलं नाही तर? तर काही नाही! पैसे परत नाहीत, तारीख बदलून नाही.

यात खरंच पैसे वाचतात का? गेले तीन-चार आठवडे मी या एका प्रश्नाच्या मागं लागले होते. रोज रात्री वेगवेगळ्या साइट्सवर एकाच तारखेचे दर बघत बसले, स्टेशन रोडवरच्या एका लॉजमालकांचं डोकं खाल्लं, न्यू जर्सीत राहणाऱ्या आत्येभावाला अवेळी फोन केले. उत्तर 'हो' असं आहे. पण ते सगळ्यांसाठी 'हो' नाही, आणि ज्यांना ते फार करून दाखवलं जातं त्यांच्यासाठी तर बहुतेक वेळा नाहीच.

आधी थोडा इतिहास, कारण हा फंडा काही काल-परवाचा नाही. १९९८ साली अमेरिकेत प्राइसलाइन नावाच्या कंपनीनं 'तुमची किंमत तुम्हीच सांगा' अशी योजना काढली. तुम्ही शहर, शहरातला भाग, किती तारे आणि किती पैसे द्यायची तयारी आहे ते सांगायचं, क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायचा आणि वाट बघायची. एखाद्या हॉटेलनं 'चालेल' म्हटलं की पैसे कापले जायचे आणि मग कळायचं, आपण कुठं राहणार आहोत ते. जाहिरातीत कोण, तर 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर! २००० साली हॉटवायर आली. तिनं बोली लावायचा खेळच काढून टाकला. किंमत समोर, नाव मात्र झाकलेलं. गंमत म्हणजे हॉटवायर सुरू करायला पैसा घातला होता त्यात अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्याच होत्या. ज्यांच्या सीटा रिकाम्या जात होत्या, त्यांनाच त्या गुपचूप विकायचं दुकान हवं होतं. प्राइसलाइननं विमान तिकिटांची बोली २०१६मध्ये बंद केली, पुढं हॉटेलांचीही केली. आता नाव झाकलेली तयार डील्स उरली आहेत. कपिलतीर्थ मार्केटात मेथीच्या पेंडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना तो बोलीचा प्रकार भलता आवडला असता, असं मला राहून राहून वाटतं.

पण हॉटेलवाला नाव झाकून स्वस्तात का देतो? हे मला पुस्तकातून जेवढं कळलं नव्हतं तेवढं स्टेशन रोडच्या त्या लॉजवर दोन कप चहात कळलं. मालक तिसऱ्या पिढीतले. काउंटरमागं आजोबांचा फोटो, त्याच्या शेजारी वायफायचा पासवर्ड.

"ताई, रात्री अकरा वाजता रिकामी राहिलेली खोली म्हंजे नासलेलं दूध," ते म्हणाले. "उद्या ती विकता येत नाही. उद्या उद्याची खोली विकायची."

"मग बाहेर बोर्डच लावा ना," मी म्हटलं, "आज निम्म्या दरात!"

"आणि मग उद्या पुरा दर कोण देईल?"

त्यांचं गणित असं आहे. एका औषध कंपनीचे प्रतिनिधी दर महिन्याला येतात, कंपनीच्या बिलावर राहतात, दर विचारतही नाहीत. पुण्याचं एक कुटुंब दरवर्षी अंबाबाईच्या दर्शनाला येतं, त्यांना हीच खोली लागते, हाच मजला लागतो. ही मंडळी नावासाठी येतात आणि पुरा दर देतात. त्यांना जर कळलं की मंगळवारी रात्री तीच खोली निम्म्या दरात गेली, तर पुढच्या वेळी तेही निम्माच देणार. म्हणजे स्वस्त खोली विकायची तर ती अशा ठिकाणी विकायला हवी, जिथं नावासाठी येणारा माणूस तिला ओळखू शकणार नाही. नावावरचं ते कुलूप खरं तर त्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीसाठी लावलेलं असतं. तुमच्यासाठी नाही!

तेव्हा सूट खोटी नसते. हॉटेलला रिकाम्या खोलीपेक्षा थोडे पैसे बरे वाटतात, आणि तुम्हाला कुठल्या हॉटेलात राहतो याचं सोयरसुतक नसेल तर ती सूट तुमच्या खिशात पडते. सौदा एकदम सरळ आहे. तुम्ही निवड सोडता, ते पैसे सोडतात.

घोळ होतो तो टक्क्यांत. ४५ टक्के सूट म्हणजे कशावर? रिसेप्शनच्या मागं काळ्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत दर लिहिलेले असतात ना, ते दर कुणीतरी देताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंय? ३१ डिसेंबरला गोव्यात देतात, नवरात्रात आमच्याकडे देतात. एरवी तो आकडा भिंतीची शोभा. साइटवर रेघ मारून दाखवलेला दर पुष्कळदा त्याच जातीचा असतो. म्हणून मी टक्क्यांकडे बघायचंच सोडलं. त्याच तारखेला, त्याच भागात, तेवढ्याच ताऱ्यांचं नावासकट हॉटेल कितीला मिळतंय ते बघायचं आणि त्यातून झाकलेल्या हॉटेलचा दर वजा करायचा. ४५ टक्क्यांचे कधी वीस उरतात, कधी दहा. एकदा तर बघता बघता उघडं हॉटेलच स्वस्त निघालं!

आता माझ्या मैत्रिणीची गोष्ट. शाहूपुरीतल्या एका बँकेत नोकरीला आहे. आई-वडिलांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून दोघांना गोवा दाखवायचा. दोघांनीही आयुष्यात समुद्र पाहिला तो फक्त गणपतीपुळ्याचा, तोही देवदर्शनाच्या गडबडीत. वडिलांचे गुडघे गेलेले, आईचा सोमवार. समुद्र, मंगेशी आणि शांतादुर्गा, एवढंच त्यांचं मागणं. पोरीनं वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून पंधरा हजार जमवलेले. तिच्यासमोर ते कुलूप लावलेलं फोर स्टार चमकत होतं आणि शेजारी लाल अक्षरांत 'एकच खोली शिल्लक'.

तिनं मला विचारलं तेव्हा मी आधी नकाशा उघडला. साइटवरचा 'उत्तर गोवा' म्हणजे केवढा? हरमलपासून थेट पणजीपर्यंत धरला तर पस्तीस-चाळीस किलोमीटरची पट्टी. हॉटेल कांदोळीला निघालं तर बाहेर पडलं की समुद्र. आतल्या बाजूला कुठं शेतात निघालं तर समुद्र बघायला रोज गाडी. मंगेशी आणि शांतादुर्गा फोंड्याच्या बाजूला, म्हणजे हरमलला उतरलात तर निम्मा दिवस रस्त्यात. गोव्यातल्या टॅक्सीचं भाडं ज्यांनी दिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

मग बारीक अक्षरं वाचली. अशा डीलमध्ये साधारणपणे दोन मोठ्या माणसांची खोली पक्की असते. पलंग जोडलेला की सुटा, कुठला मजला, लिफ्टजवळ की लांब, हे सगळं 'उपलब्धतेनुसार'. नाश्ता आहे की नाही ते आधी लिहिलेलं असेल तरच आहे. आणि तिसरा माणूस, म्हणजे ही स्वतः, तिचं काय? जास्तीच्या गादीचे पैसे हॉटेलवर ठरणार. ज्या माणसाचे गुडघे दुखतात त्याच्यासाठी तळमजला ही चैन नाही हो, तीच तर ट्रिप!

पुढचे आकडे मी तिला कागदावर मांडून दाखवले. आकडे आपले मानून घेतलेले, पण गणित खरं आहे. समजा नावासकट हॉटेल ३५०० रुपये रात्र, नाश्ता धरून, आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येणारं. झाकलेलं हॉटेल २६००. दोन रात्रींचे १८०० वाचले. वा! आता दोघांचा नाश्ता बाहेर, माणशी अडीचशे, दोन दिवस. गेले १०००. हॉटेल समुद्रापासून लांब निघालं म्हणून जाण्यायेण्याचे ५००. राहिले ३००. आता शेवटची गोष्ट, जी कुणीच मोजत नाही. आपण आखलेल्या दहा ट्रिपांपैकी निदान एक तरी रद्द होते की नाही? कुणाची रजा नामंजूर होते, कुणाला ताप येतो, कधी आंबोलीच्या घाटात दरड कोसळते. दहातली एक म्हणजे ५२०० रुपयांचा दहावा हिस्सा, ५२० रुपये, तुम्ही प्रत्येक वेळी न दिसता भरताय. ३०० वाचवायला ५२० रुपयांची जोखीम! हे गणित बँकेतल्या पोरीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

उलट हेच गणित एकट्या माणसासाठी मांडा. तुम्हाला इंटरव्ह्यूसाठी मुंबईला जायचंय. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म. सकाळी उतरायचं, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचं, रात्री येऊन आडवं व्हायचं. नाश्ता टपरीवर, पोहायच्या तलावाचं तोंडही बघणार नाही. इंटरव्ह्यूची तारीख काही तुमच्या मर्जीनं हलणार नाही, म्हणजे रद्द होण्याची भीती नगण्य. भाग तेवढा बरोबर धरा, नाहीतर अंधेरीच्या इंटरव्ह्यूला ठाण्याहून निघाल. बाकी वाचले ते सगळेच्या सगळे वाचले. अशा माणसानं घ्यावंच.

आत्येभावाचंही हेच म्हणणं. तो आणि बायको दोघंच असताना शिकागो, बॉस्टन असे वीकएंड त्यांनी हॉटवायरवर नाव न बघता केले आणि ते त्याबद्दल अजून खूश आहेत. मोठ्या शहराच्या मधोमध एका चौकात दहा हॉटेलं असतात, कुठलंही निघालं तरी काय फरक पडतो? मुलं झाली आणि त्यानं ते सोडलं. "आता दोन बेड लागतात, पाळणा लागतो, खालच्या मजल्यावर वॉशिंग मशीन लागतं," तो म्हणाला. त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी. तिकडं लास व्हेगाससारख्या ठिकाणी खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' म्हणून वेगळी रक्कम लागायची. शेवटपर्यंत दिसायची नाही, पण भरावी लागायचीच. लोक इतके वैतागले की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला. १२ मे २०२५पासून सक्तीची फी धरून एकूण किंमतच आधी दाखवावी लागते. तुमचं कुणी तिकडं असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर हे कामाला येईल.

आपल्याकडं काय? आपल्या देशी ॲप्सवर नाव झाकण्यापेक्षा किंमत झाकायची पद्धत जास्त. लॉगिन केलंत तर एक दर, अमुक बँकेचं कार्ड असेल तर दुसरा, कूपन टाकलंत तर तिसरा. कारण तेच. स्वस्त दर सगळ्यांना दिसू द्यायचा नाही. आणि नाव झाकण्याची आपली देशी आवृत्ती म्हणायची तर मला ओयो आठवते. २०१३ साली रितेश अगरवालनं ती सुरू केली तेव्हा कल्पना हीच होती की छोट्या लॉजचं नाव काय, मालक कोण, याची फिकीर तुम्ही करू नका. लाल पाटी बघा आणि आत पांढरी चादर, एसी, वायफाय मिळणार हे धरून चाला. म्हणजे तुम्ही हॉटेल निवडायचंच नाही, भाग आणि दर निवडायचा. प्राइसलाइनपेक्षा वेगळ्या वाटेनं, पण मुक्काम जवळपास तिथलाच.

या सगळ्यात हॉटेलवाल्याचं काय होतं हा विषय आपल्या पानावर येत नाही, पण तो आपल्या खिशाशी जोडलेला आहे म्हणून सांगते. बुकिंग ॲप प्रत्येक खोलीमागं कमिशन घेतं. आमच्या लॉजमालकांच्या भाषेत "शंभरातले पंधरा-वीस तर गेलेच म्हणायचे, कधी जास्त." मग तुम्ही म्हणाल, हॉटेलवाल्यानं आपल्या वेबसाइटवर तेवढंच स्वस्त का दिलं नाही? तर करारात अट असायची, की आमच्यापेक्षा कमी दर दुसरीकडं कुठंही दाखवायचा नाही. हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांची देशपातळीवरची फेडरेशन याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडं गेली. १९ ऑक्टोबर २०२२ला आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि दराची ही अट करारातून काढा असं मेकमायट्रिप-गोआयबिबोला सांगितलं. ओयोचा दंड वेगळ्या कारणासाठी होता. दोघांनी मिळून ओयोच्या स्पर्धक साखळ्यांना ॲपवरून बाजूला केलं, असं आयोगाचं म्हणणं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. ते काय व्हायचं ते होईल.

पण माझ्या लॉजमालकांनी मला जे सांगितलं ते या सगळ्या कोर्टबाजीपेक्षा साधं होतं. "अट छापलेल्या दराला होती हो. फोनवर काय बोलतो ते कोण ऐकतंय?"

मी तिथंच थांबले. म्हणजे बघा, हॉटेलवाल्याला स्वस्त खोली गुपचूप विकायची आहे. कुलूप लावलेल्या डीलमध्ये तो ती विकतो, तेव्हा मधल्या दुकानाला वाटा द्यावा लागतो. फोनवर विकतो तेव्हा कुणालाच दिसत नाही आणि वाटाही द्यावा लागत नाही. गुपित तेवढंच पक्कं, फक्त यात हॉटेलचं नाव तुम्हाला माहीत असतं! आपले वडील वर्षानुवर्षं 'अहो, कोल्हापूरहून बोलतोय, चौघं आहोत, किती करताय बोला' असं ओरडून ओरडून ट्रंक कॉलवर जे करायचे, ते अर्थशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं. आपल्याला तेव्हा लाज वाटायची, ही गोष्ट वेगळी.

मैत्रिणीनं हेच केलं. नकाशावर मिरामारजवळची तीन हॉटेलं काढली, कारण तिथून समुद्र चालत आणि फोंड्याची देवळं त्यातल्या त्यात जवळ. ॲपवरचे त्यांचे दर लिहून घेतले. मंगळवारी दुपारी फोन केले. शुक्रवारी संध्याकाळी फोन करून सवलत मागणं म्हणजे लग्नाच्या मुहूर्ताला आचाऱ्याला सुट्टी आहे का विचारणं. एका ठिकाणी सरळ 'ॲपवरूनच करा' म्हणाले. दुसरीकडं फोन उचललाच नाही. तिसऱ्या ठिकाणी तिनं सांगितलं, ॲपवर हा दर दिसतोय, तुम्हाला त्यातून कमिशन जाणार, मला थेट काय द्याल? पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, दर तेवढाच ठेवतो, पण तळमजला देतो, नाश्ता तिघांचा धरतो आणि गादीचे पैसे घेत नाही. सोमवार असल्याचं सांगितल्यावर आईसाठी साबुदाणा खिचडीचंही बघतो म्हणाले! झाकलेल्या डीलपेक्षा आकडा मोठाच होता. पण तिघांचा नाश्ता, गादी आणि टॅक्सी धरून हिशेब केला तेव्हा पंधरा हजारांत सगळं बसलं आणि चार पैसे काजूला उरले.

फोनवर झालेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा, हे मात्र विसरायचं नाही. तारीख, खोली, माणसं, रक्कम, कर धरून की सोडून, आणि रद्द केलं तर काय. तोंडी 'होऊन जाईल हो' वर विसंबून कुणी आई-वडिलांना घेऊन जाऊ नये. करांचंही एक सांगते. २२ सप्टेंबर २०२५पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. त्याच्या वरच्या खोलीला १८. तेव्हा ७४०० आणि ७६०० यांत दोनशेचा फरक दिसतो, पण कर धरला की तो बाराशेच्या आसपास जातो. डील निवडताना हे कुणी सांगत नाही.

ज्यांना झाकलेलंच घ्यायचंय, त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. तेवढाच भाग, तेवढेच तारे, तेवढ्याच सोयी आणि तेवढंच रेटिंग लावून त्याच साइटची उघडी यादी बघा. पूल आहे, जिम आहे, पार्किंग मोफत आहे, रेटिंग ८.३ आहे, असं एकेक जुळवत गेलं की दहाची तीन होतात, तिनाचं कधी कधी एक. मी तीन संध्याकाळी हा डिटेक्टिव्हगिरीचा उद्योग केला आणि खोटं कशाला बोलू, मज्जा आली! लहान गावात तर हे फारच सोपं. आमच्या कोल्हापुरात 'ताराराणी चौकाच्या बाजूला, पूल असलेलं मोठं हॉटेल' एवढं म्हटलं की रिक्षावालाच नाव सांगेल. म्हणूनच हा धंदा मोठ्या शहरांत चालतो. जिथं एका भागात एकसारखी दहा-वीस हॉटेलं आहेत, तिथंच नाव झाकता येतं.

आणि ते 'एकच खोली शिल्लक'? 'आत्ता चौदा जण हेच बघतायत'? हे खरं असेल तर ठीक, पण खोटी घाई लावणं आपल्याकडं नियमाविरुद्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा प्रकारांची यादीच काढली. खोटी घाई त्यात आहे, न विचारता बास्केटमध्ये विमा किंवा देणगी सरकवणं आहे, आणि आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर वाढवणंही आहे. तक्रार करायची तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. माझ्यापुरती मी एक सवय लावून घेतलीय. 'एकच खोली' दिसली की मोबाइल बाजूला ठेवायचा, चहा करायचा, वीस मिनिटांनी पुन्हा बघायचं. आजवर बहुतेक वेळा ती एकच खोली तिथंच माझी वाट बघत बसलेली असते, बिचारी.

उलट बाजूनं, म्हणजे कुणी मित्रमंडळी बाहेरून कोल्हापूरला येणार असतील आणि तुम्हाला हॉटेल विचारत असतील, तर तारीख आधी विचारा. जून-जुलैचा एखादा मंगळवार असेल तर स्टेशन रोडला सरळ फोन करा, हवा तो दर निघेल. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, किंवा नोव्हेंबरचा किरणोत्सव आणि त्यात शनिवार-रविवार आला असेल, तर ना कुलपातली डील मिळणार ना फोनवरची. त्या दिवसांत आमच्या लॉजमालकांचा फोन त्यांचा मुलगा उचलतो आणि 'फुल्ल आहे' एवढंच म्हणतो. तेव्हा नावासकट, रद्द करता येईल अशी खोली महिना-दीड महिना आधी धरून ठेवायची, आणि मित्रांचं येणं रद्द झालं तर आठवणीनं सोडायची.